रिव्हर्स घेत लकडी पुलापर्यंत

पुण्याला जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, शनिवारवाडा पाहिला का? सिंहगड चढलात का? मी दोन्हीही पाहिलं नाही. मी पुण्यात एक पूल पाहिला. त्यासाठी अख्खा शनिवार खर्च केला, भाड्याची गाडी घेतली आणि बराच वेळ त्याच्यापासून दूरच जात राहिले. वाशीमला परत आल्यापासून ही हकिकत गल्लीतल्या चौघींना सांगून झाली, पाचवी काल संध्याकाळी आली. घसा बसायच्या आत एकदाची लिहूनच काढते.

आधी पुलाचं सांगते. माझी लेक पल्लवी पाच वर्षांपूर्वी कंपनीत लागून पुण्याला गेली. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, आवाज रडवेला. "आई, इथे लकडी पूल म्हणून एक पूल आहे. मी स्कूटी घातली तर पोलिसांनी अडवलं. दुचाकीला बंदी आहे म्हणे. सगळ्यांसमोर बोलले मला." मी म्हटलं, लाकडाचा पूल आहे, मोडेल म्हणून नसतील सोडत. तर ती म्हणाली, लाकूड कुठेच नाही गं, दगडाचा आहे. हे ऐकल्यापासून तो पूल माझ्या डोक्यात बसला होता. नावात लाकूड, अंगात दगड, वरून बस चालते आणि माझ्या पोरीची एवढीशी स्कूटी चालत नाही! हे प्रकरण एकदा डोळ्यांनी बघायलाच हवं होतं.

शुक्रवार, वाघोली

पल्लवी वाघोलीला राहते. सातव्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीतून समोर दुसऱ्या इमारतीचा सातवा मजला. खाली कॉलेजची पोरं, पाण्याचे टँकर आणि एवढी दुकानं की सगळं वाशीम त्यात मावेल. मी भाकरी आणि ठेचा बांधून नेला होता. तिने तीन भाकरी खाल्ल्या आणि हात धुता धुता विषय काढला.

विषय आमच्या घराचा. तीन वर्षांपूर्वी तिचे बाबा गेले तेव्हापासून मी वाशीमच्या घरात एकटी आहे. आरोग्य सेविका म्हणून चौतीस वर्षं खेडोपाडी फिरले, आता निवृत्त. माझ्या भावाने घराला गिऱ्हाईक आणलं होतं आणि रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. पल्लवीचं म्हणणं, घर विकून टाक आणि इथे ये.

"रात्रीबेरात्री काही झालं तर तुला दवाखान्यात कोण नेणार?"

"मी नेईन की मला. गाडी येते मला."

यावर ती हसली, आणि ते हसणं मला झोंबलं. गाडी मला खरोखरच येते. तिच्या बाबांची गाडी अंगणात धूळ खात उभी होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी परवाना काढला. एसटीतून निवृत्त झालेल्या भास्करभाऊंनी मला कापसाच्या जिनिंग गिरणीच्या मोकळ्या मैदानात शिकवलं. त्यांची शिकवायची रीत सगळ्या जगापेक्षा वेगळी. पहिले आठ दिवस त्यांनी मला गाडी पुढे नेऊच दिली नाही. दोन्ही बाजूंना विटा मांडायचे आणि म्हणायचे, "पुढं त कोनीबी नेते, ताई. मांगं घेता आली म्हंजे गाडी आली समजा." मान दुखेपर्यंत मी विटांमधून गाडी मागे घेत होते. शेजारच्या बायका कुंपणाशी उभ्या राहून हसायच्या, पण वीट काही पडायची नाही.

"वाशीममध्ये चालवणं वेगळं," पल्लवी म्हणाली. "इथलं ट्रॅफिक बघितलंस का? सीरियसली, आई."

मग शब्दाला शब्द वाढला आणि पैज लागली. उद्या मी भाड्याने गाडी घ्यायची आणि लकडी पुलावरून चालवून दाखवायची. दाखवली, तर घराचं नाव ती पुन्हा काढणार नाही. मध्येच घाबरले किंवा दुसऱ्या कुणाच्या हातात चावी द्यावी लागली, तर रविवारी मी भावाला होकार कळवायचा. ती रस्ता सांगणार, मी चालवणार. आम्ही दोघींनी हातावर हात मारला. मग मी अंथरुणावर पडून गिअरचे आकडे मोजत राहिले.

शनिवार, निघताना

गाडी पांढरी, काळ्या पाटीवर पिवळे आकडे. घेऊन आलेला तरुण फार नम्र. त्याने चारी बाजूंनी फोटो काढले, आधीचे ओरखडे दाखवले, मग किल्ली हातात धरून इकडे तिकडे बघत म्हणाला, "सर खाली येतायत का?"

"सर नाहीत. मीच आहे."

त्याने परवाना पाहिला, फोटो पाहिला, मला पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या कुणाला चालवायला देऊ नका हं. ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच चालवायची." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पैजेची अट त्याने आपण होऊन कायद्यात बसवून दिली.

नगर रस्त्याला लागले आणि अंगात काही तरी शिरलं. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणू, पण भीतीपेक्षा मजाच जास्त. आमच्याकडे रस्त्यात गाय बसते. तिच्या बाजूने काढली की झालं. इथे गाय नाही, पण दुचाक्या! डावीकडून, उजवीकडून, पुढून, आणि देवाशपथ सांगते, एक तर फूटपाथवरून. मुली डोक्यापासून गळ्यापर्यंत ओढण्या अशा आवळून बांधतात की फक्त डोळे दिसतात, आणि त्या डोळ्यांत तुमच्या गाडीबद्दल काडीचाही आदर नसतो. एका सिग्नलला तशीच एक माझ्या आरशाला खेटून थांबली. मी तिच्याकडे बघून हसले. तिने माझ्या आरशात बघून ओढणी नीट केली आणि निघून गेली.

येरवड्याच्या पुढे नदी ओलांडताना मी ओरडलेच, "पल्लू, पूल!"

"हा नाही. आपला पुढे आहे."

पुण्यात पूल पुष्कळ. शंभर वर्षं झालेल्या एकाला लोक अजून नवा पूल म्हणतात. आणखी एक फक्त दुचाक्यांसाठी आहे, तिथे चारचाकीला मज्जाव. म्हणजे इथले पूलसुद्धा कुणाला घरात घ्यायचं आणि कुणाला नाही ते ठरवून बसलेले. वाटेत थांबून मिसळ खाल्ली. चव झकास, पण तिखट कमी आणि कुठून तरी गोडाचा भास. मी वाढणाऱ्याला म्हटलं, "दादा, तर्री जरा झणझणीत नाही का?" तो म्हणाला, "आहे ती झणझणीतच आहे." विषय संपला.

जंगली महाराज रस्त्यावर झाडांची सावली, रस्ता एकेरी, समोरून कुणी येत नाही. मी आरामात तिसऱ्या गिअरला गेले. डेक्कन जवळ आलं. पल्लवी म्हणाली, "आता सरळ जायचं आणि कोपऱ्यावर वळलं की पूल." मी दुसऱ्या गिअरला आले. तेवढ्यात तीच किंचाळली, "लेफ्ट! आई, लेफ्ट घे, लेफ्ट!"

मी घेतलं. गाडी उतारावरून नदीकडे निघाली. पल्लवीने कपाळावर हात मारून घेतला होता.

"अगं, पूल वर राहिला," ती म्हणाली. "रोज मी इथूनच वळते. पुलावर घेत नाहीत ना!"

पाच वर्षांची सवय! पोलिसांनी एकदा हटकलं तेव्हापासून ती त्या कोपऱ्याच्या आधीच वळत आली होती. तो नियम अजून तसाच आहे की मध्ये सैल झाला, याची तिने चौकशीसुद्धा केली नव्हती. आज ढुंगणाखाली चार चाकं असूनही तिचा हात आपोआप डावीकडे गेला. मला हसू आवरेना. ती चिडली. "हसू नको. मला शॉर्टकट माहितीये. खालच्या पुलावरून नारायण पेठेत निघू, तिथून दोन मिनिटं."

नारायण पेठ

तिचा शॉर्टकट स्कूटीचा होता. हे तिच्या ध्यानात यायच्या आधी माझ्या ध्यानात आलं, कारण माझ्या दोन्ही बाजूंचे आरसे आत घ्यावे लागले.

नदीला टेकलेला बुटका पूल ओलांडून आम्ही पेठेत शिरलो, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, आणि मग एक अशी गल्ली लागली की तिच्यात मी, गाडी आणि देवाचं नाव एवढंच मावत होतं. पल्लवी छातीठोकपणे सांगत होती, "जाते जाते, मी रोज जाते इथून." पुढे एका बाइंडिंगच्या दुकानासमोर तीनचाकी टेम्पो उभा. दोन माणसं कागदाचे गठ्ठे उतरवत होती, एकेक करून, अगदी निवांत. मी हॉर्नला हात लावणार तोच बाजूच्या ओट्यावरून आवाज आला.

"वाजवू नका. टेम्पोला कान नाहीत."

पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात एक आजोबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी काच खाली केली. "काका, पुढे जाता येईल का हो?"

"येईल की. चालत."

"अर्ध्या तासात होईल का रिकामा?"

"सकाळी हाच प्रश्न एकाने विचारला होता. तो गेला शेवटी मागे."

पल्लवी पुढे वाकली. "काका, मी रोज जाते इथून."

"गाडीने?"

"स्कूटीने."

"मग आज तिला का घरी ठेवलीत?"

"लकडी पुलावर जायचंय."

आजोबांनी पेपराची घडी घातली. "लकडी पुलावर जायला आपण नारायण पेठेत आलात. छान."

तोपर्यंत मागे चार-पाच दुचाक्या जमल्या. एक जण हेल्मेट काढून खिडकीशी आला. चांगला मुलगा, मनापासून म्हणाला, "काकू, तुम्ही उतरा. मी काढून देतो दोन मिनिटांत." पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर पैज जिंकल्याचा आनंद मुळीच नव्हता, नुसती भीती होती. "दे ना आई. कुठे लागलं तर? ही गाडी आपली नाही. दे त्याला."

किल्ली फिरवून त्याच्या हातात द्यायची, एवढंच करायचं होतं. मला माझं अंगण दिसलं, पारिजातक दिसला, आणि ते घर दुसऱ्या कुणाच्या कुलपात दिसलं. मी त्या मुलाला म्हटलं, "बाळा, तू फक्त मागच्या गाड्या हलव. गाडी मीच घेणार."

"मागे? एवढं वळण आहे, काकू."

"असू दे."

पल्लवी पुण्यात शुद्ध बोलते, कंपनीत तर इंग्रजीच. पण मी रिव्हर्स टाकला तशी ती वऱ्हाडीवर उतरली. "काय करून राहिली तू! आई, थांब ना वं!" मी मान वळवली आणि मागच्या काचेतून बघायला लागले. गल्ली नव्हतीच ती, विटा होत्या. डावीकडे सायकल, उजवीकडे दगडी पायरी, मध्ये मी. आजोबा ओट्यावरून उतरले आणि गाडीच्या मागे मागे चालू लागले.

"या. या. डावीकडे. माझी नाही, तुमची डावी. बास. खांबाला लावू नका, तो माझ्या आधीपासून आहे इथे. या. आता चाक पूर्ण उजवीकडे. पूर्ण म्हटलं की पूर्ण."

वळणावर इंच इंच सरकले. कुठल्या तरी खिडकीतून एक बाई म्हणाली, "अगं बाई, ह्या चालवतायत!" मला घाम फुटला होता, पण खरं सांगू का, आनंदाने गाणं म्हणावंसं वाटत होतं. शेवटची पायरी सुटली, गाडी रुंद रस्त्यावर आली. एकही ओरखडा नाही! दुचाकीवाल्यांपैकी दोघांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी वाजवल्या नाहीत. ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "पुढची दोन वळणं उजवीकडे घ्या, लक्ष्मी रस्ता लागेल. तो आपल्याला थेट अलका चौकात नेऊन सोडेल, मग समोर पूलच. आणि रस्ता ह्यांना विचारू नका."

मी विचारलं, "काका, पुलाला लकडी का म्हणतात हो?"

"होता लाकडी. पानिपताहून हरून लोक परत आले, त्यांना नदी ओलांडून घरी येता यावं म्हणून घाईने बांधला म्हणतात. पुढे पुरात गेला, मग दगडी केला." मग पेपर काखेत मारून म्हणाले, "असं सांगतात. मी नव्हतो तेव्हा."

पूल

अलका चौकातला सिग्नल सुटला आणि मी पुलावर गाडी घातली. आणि संपला! एका बसच्या मागून मी चाळीसेक सेकंदांत पलीकडे होते. कठडा दिसला, बसचं ढुंगण दिसलं, डोक्यावरून मेट्रो गेली. पूल काही दिसला नाही. तरी मी दोन्ही हातांनी चाकावर थाप मारून ओरडले, "झालं! पल्लू, झालं!" शेजारचा रिक्षावाला दचकला.

गाडीत बसून पूल दिसत नाही, तो पायाखाली असतो, हे वाघोलीहून निघताना आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यामुळे डेक्कनला गाडी लावायला जागा शोधली (ती हकिकत नारायण पेठेहून लांब आहे, म्हणून गाळते) आणि आम्ही चालत परत आलो. पुलाच्या मधोमध कठड्याला टेकून उभ्या राहिलो. खाली मुठेचं हिरवं पाणी, काठाच्या रस्त्यावर दुचाक्यांची रांग, दूर पेठेतल्या इमारतींची दाटी. दगड उन्हाने तापलेला. मी हात फिरवून पाहिला. मला वाटलं होतं त्याहून कितीतरी साधा आणि तरी बघत राहावा असा.

"पाच वर्षांत पहिल्यांदा आले इथे," पल्लवी म्हणाली.

"कमाल आहे तुझी. चालत यायचं होतं की. चालणाऱ्याला कुणी अडवत नाही."

"कुणाबरोबर?"

ती पाण्याकडे बघत होती. मग तीच हळूहळू बोलायला लागली. सोबतच्या मुली लग्न होऊन, नोकऱ्या बदलून गेल्या. ऑफिसातली माणसं ऑफिसपुरती. शनिवार-रविवार ती खोलीतच असते, जेवण मागवते, झोपते. "तुझं एकटीचं नीट चाललंय, ते मला माहितीये गं. तुला शेजार आहे, भास्करकाका आहेत. घर विक म्हणत होते ते तुझ्यासाठी नव्हतं. मला इथे करमत नाही. मला वाटलं, घर नसलं की तुला यावंच लागेल."

मी पैज जिंकले होते, आणि हे मला आज कळत होतं. आठवड्याला दोनदा मी तिला फोन करायचे. जेवलीस का, झोपलीस का, विचारायचे. ती हो म्हणायची, मी ठेवून द्यायचे. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांचं वजन करून कार्डावर लिहिलं मी. माझ्या लेकराचा चेहरा उतरलेला मला दिसला नाही.

मी म्हटलं, "विकू या घर. उद्याच कळवते मामाला. येते मी इकडे."

तिने झटकन मान वळवली. "नको!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की एक फिरायला निघालेलं जोडपं थांबून बघायला लागलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "नको विकू. मग मी जाऊ कुठे?"

आम्ही दोघी त्या पुलावर रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. येणारे-जाणारे बघून न बघितल्यासारखं करत होते. पुणेकरांचा हा गुण मला फार आवडला.

रविवार

सकाळी भावाला नाही म्हणून कळवलं. तो रागावला, मग शांत झाला. संध्याकाळी पल्लवी मला गाडीवर सोडायला आली. गाडी म्हणजे स्कूटी; भाड्याची आदल्या दिवशीच परत गेली होती, त्या तरुणाने चारदा फेरी मारून ओरखडे शोधले आणि त्याला एकही सापडला नाही. वाशीमची बस लागली. मी माझी पिशवी वर ठेवली, खिडकीशी बसले आणि तिला हात करायला वळले, तर ती खाली नव्हती. ती लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून बसमधल्या गर्दीतून माझ्याकडे येत होती. स्कूटी स्टँडच्या पार्किंगला लावून आली होती.

"अगं, ऑफिस?"

"पंधरा दिवस घरून काम करणार. मेल टाकलाय सरांना."

"कोणत्या घरून?"

तिने मला खिडकीकडे सरकायची खूण केली आणि शेजारी बसली.

"आपल्या," ती म्हणाली.